एका माणसाची रजई

डिसेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी गांधीबागेतले एक कापड व्यापारी आमच्या ठाण्यात आले आणि आपली मुलगी कालपासून घरी आली नसल्याचं त्यांनी सांगितलं.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मी तेव्हा फौजदार होतो आणि खात्यात येऊन मला तीन वर्षं झाली होती. पुढे खून, दरोडे, दंगली असं बरंच काही हाताखालून गेलं आणि त्यातलं पुष्कळ विसरलोही. हे प्रकरण मात्र तपशिलासकट लक्षात आहे. त्यातला एक माणूस गेल्या महिन्यात वारला, म्हणून ते आता लिहून ठेवतो आहे. नावं कोणाचीच देत नाही. जे हयात आहेत त्यांना विचारता येईल, पण जे नाहीत त्यांची परवानगी आता कशी घ्यायची?

व्यापारी पन्नाशीचे होते. अंगात काळा कोट, डोक्याला काळी टोपी. ठाणे अंमलदारानं पुढे केलेल्या खुर्चीत ते बसले नाहीत, माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले. मूल हरवलेला बाप सहसा बसत नाही, हे पुढच्या नोकरीत मी अनेकदा पाहिलं.

"काल सकाळी कॉलेजात जातो म्हणून गेली. आलीच नाही."

"मैत्रिणींकडे विचारलं?"

"साऱ्यांच्या घरी जाऊन आलो. साहेब, लिहू नका अजून. रविवारी पाहुणे येऊन राहिले तिले पाहाले. एकदा कागदावर आलं का गावभर होते."

"लिहिल्याशिवाय शोधता येत नाही," मी म्हणालो.

अंमलदारानं स्टेशन डायरीत नोंद घेतली. वय वीस, बांधा सडपातळ, अंगावर निळा स्वेटर. कोणावर संशय आहे का, असं विचारल्यावर व्यापाऱ्यांचा आवाज बदलला.

"तो भूगोलाचा मास्तर. दर हिवाळ्यात पोरापोरींले डोंगरावर नेते म्हणे. दोन महिने माझी पोरगी त्याच्या नादानं कागदं रंगवून राहिली होती. दहा दिवसांमागं मी जाणं बंद केलं तिचं. आता मले समजलं ते कागदं कशाचे होते."

त्या काळी नागपूरच्या एका कॉलेजात डोंगर भटकणाऱ्यांचं एक लहानसं मंडळ होतं. भूगोल शिकवणारा सव्वीस वर्षांचा अविवाहित तरुण ते चालवायचा. त्या वर्षी पचमढीकडे जायचा बेत होता. इटारसीमार्गे पिपरियापर्यंत रेल्वे, तिथून बस, मग पाठीवर सामान घेऊन चढण आणि डोंगरात दोन मुक्काम. जाणारे सहा जण होते, त्यांत चार मुली. एका मुलीच्या घरून नाही म्हटलं गेलं, तसं बाकीच्या मुलींच्या घरूनही आलं, आणि मास्तरांनी बेत रद्द केला.

मी हवालदारांना स्टेशनबाहेरच्या सायकलरिक्षांच्या स्टँडवर पाठवलं. हवालदार माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, उमरेडकडचे, कमी बोलणारे. दुपारपर्यंत ते एका रिक्षावाल्याला घेऊन आले.

"काल सकाळी एका तरुण मुलीला स्टेशनवर सोडलंस?"

"सोडलं."

"निळा स्वेटर होता?"

"होता."

"सोबत माणूस होता?"

"होता नं. मोठ्ठा बिस्तरा घेऊन बसला होता मांडीवर."

मला तेवढं पुरलं. रिक्षावाल्याला त्या मास्तरसमोर उभं करून ओळख पटवणं हे पुढचं साधं काम होतं. ते मी उद्यावर ढकललं. एकदा खात्री झाली की माणूस अशी कामं उद्यावर ढकलतो.

तासाभरात मास्तर ठाण्यात आला. उंच, हडकुळा, जाड भिंगांचा चष्मा. त्याच्या खोलीची झडती घेतली, तेव्हा एक लांबट वही सापडली. मुखपृष्ठावर 'हिवाळी सहल' असं लिहिलेलं होतं आणि आतलं सगळं अक्षर त्या मुलीचं होतं. वही टेबलावर आपटून मी विचारलं, "हे काय?"

"बेत आहे. सगळं तिनंच आखलं. मी फक्त तपासलं."

"तिला कुठं ठेवलंयस?"

"बेत रद्द झाल्याचं सांगितलं त्या दिवशी तिच्याशी शेवटचं बोललो. त्यानंतर ती वर्गात आली, पण बोलली नाही."

"सकाळी रिक्षातून तिला स्टेशनवर तू नेलंस. पाहणारा साक्षीदार आहे."

"काल सकाळी मी खोलीवरच होतो."  मग म्हणाला, "साहेब, ती डोंगरावर गेली असेल."

"कोणाबरोबर?"

"एकटी."

दाराशी उभे असलेले हवालदार हसले. मीही हसलो असेन.

"एकटी मुलगी डोंगरावर कशाला जाईल?"

"डोंगरावर जायचं म्हणून," तो म्हणाला.

मला ते उद्धट वाटलं. मी उठलो आणि त्याच्या तोंडात मारली. चष्मा खाली पडला. त्यानं तो वाकून उचलला, दोन्ही काचा बोटानं चाचपून पाहिल्या आणि पुन्हा डोळ्यांवर ठेवला. रडला नाही, चिडलाही नाही. मघाच्याच आवाजात म्हणाला, "तिनं रजईची पिशवी नेली का, एवढं कोणाला तरी विचारा. डोंगरात अस्वलं आहेत, त्यांचं मी सांगत नाही. पहाटे तिथं दव गोठतं. नुसत्या स्वेटरवर गेली असेल तर दुसरी रात्र तिला निघायची नाही."

आरोपी विषय बदलतो आहे, असं मी माझ्या टिपणात लिहिलं. त्याला चौकशीसाठी बसवून ठेवलं. गुन्हा अजून नोंदवला नव्हता, पण बुधवारी दुपारपर्यंत मुलगी मिळाली नाही तर पळवून नेल्याचा गुन्हा नोंदवायचा असं ठरलं होतं. गुन्हा नोंदला गेला असता तर त्याची नोकरी त्याच दिवशी गेली असती. पुढे निर्दोष सुटला असता तरी कोणत्या कॉलेजानं त्याला दारात उभं केलं असतं?

संध्याकाळी मी वही घेऊन क्वार्टरवर गेलो. वाचायची मला पहिल्यापासून सवय. काही आक्षेपार्ह सापडेल म्हणून पानं उलटू लागलो आणि दोन तास वाचतच बसलो. गाड्यांच्या वेळा होत्या, प्रत्येक चढणीला लागणारा वेळ होता, पाणी कुठं मिळेल त्याच्या खुणा होत्या. वातींचा स्टोव्ह, घासलेटची बाटली, मेणकापड, दोरी, कंदील, भुईमुगाचे दाणे आणि गूळ, कच्चा चिवडा, दोन डझन संत्री. संत्र्यांसमोर लिहिलं होतं, 'वजन जास्त, तरी न्यायचीच'. शेवटच्या पानावर 'रजईची पिशवी, प्रत्येकी एक' असं होतं. झोपायच्या तयार पिशव्या तेव्हा आपल्याकडे मिळत नव्हत्या. एकेरी रजई मधोमध दुमडायची, तळ आणि बाजू शिवून घ्यायची, तोंड मोकळं ठेवायचं, अशी युक्ती त्या मंडळानं काढली होती. पानाच्या समासात तिनं पिशवीचं चित्रही काढलं होतं.

प्रेमाचा एक शब्द त्या वहीत नव्हता. माझ्या ते लक्षात आलं. पण त्या वेळी मी त्याचा अर्थ एवढाच लावला की दोघं सावध आहेत.

बुधवारी सकाळी हवालदार आले आणि दाराशी रेंगाळले.

"काय?"

"काई नाही. त्या रिक्षावाल्याले पुन्हा एकदा बोलावू का म्हन्तो. मास्तर रातभर एकच गोष्ट इचारून राहिला. पिशवी, पिशवी. चोर असं नाही करत, साहेब. चोर जेवन इचारते."

रिक्षावाला आला. मास्तरला त्याच्यासमोर उभं केलं. त्यानं मास्तरला खालून वर पाहिलं.

"हा कोन जी?"

"मुलीबरोबर बसला होता तो."

"हा? हा नाही. तो तं बुढा होता. दाढीवाला."

"मग काल का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलं का? तुमी म्हनलं माणूस होता का. माणूसच होता." मग त्याला आपलं दुःख आठवलं. "अन त्याच्या अंगाले असा कापूस, असा कापूस, सारी सीट पांढरी केली त्यानं. दोन सवाऱ्या बसल्याच नाही माझ्या रिक्षात. मी झाडू का चालवू?"

हवालदार खिडकीबाहेर बघू लागले. चूक माझी होती. प्रश्नातच मी उत्तर घालून दिलं होतं आणि रिक्षावाल्यानं ते मला इमानदारीनं परत केलं होतं.

मास्तर भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "भालदारपुऱ्यातले पिंजारी चाचा. पिशव्या त्यांच्याकडेच शिवायच्या ठरल्या होत्या."

दिवाळी झाली की नागपुरात कापूस पिंजायच्या धुनकीचा आवाज गल्लोगल्ली ऐकू यायचा. चाचांचं दुकान म्हणजे एक ओटा आणि मागे एक खोली. आम्ही गेलो तेव्हा ते कापसाच्या ढिगात बसले होते. दाढी पांढरी होती की कापसानं झाली होती, ते चटकन कळत नव्हतं. पोलीस पाहून त्यांनी धुनकी बाजूला ठेवली.

"हां साब, मैंने बनाई. पहले छे बोली थी. फिर आके बोली, चाचा, एकच बनाओ. मैं बोला, बेटी, बाकी के लोगां? तो बोली, उनकू ठंड नहीं लगती."

"स्टेशनवर तुम्ही गेला होता?"

"वो बोली, घर पे लाना मत, मैं दुकान से रिक्शे में टेसन ले जाती. मैं समझ गया, बाप मना करता होएंगा. पर इतना बडा गठ्ठर लडकी अकेली कैसे उठाती? साथ में बैठ के गया, गाडी में रख के आया."

मी विचारलं, "गाडीत आणखी कोणी होतं का? की दोघांसाठी पिशवी होती?"

 चाचांनी दोन्ही हातांनी रुंदी दाखवली. "एक आदमी की थी, साब. दूसरा उसमें घुसेगाच नहीं. ऊपर से मैंने पाव भर रूई जास्ती भरी. पहाड की ठंड है."

पळून जाऊन लग्न करणारी मुलगी एका माणसाची रजई कशाला शिववून घेईल? एवढं समजायला मला एक दिवस, एक रिक्षावाला आणि एक पिंजारी लागला. मास्तर मंगळवारी दुपारपासून तेच सांगत होता.

दुपारी पचमढीच्या ठाण्याला बिनतारी संदेश पाठवला. वरिष्ठांची परवानगी घेतली, कारण हद्द दुसऱ्या राज्याची होती. मी, हवालदार, मुलीचे वडील आणि मास्तर, असे चौघे निघालो. मास्तरला नेलं, कारण वहीतल्या खुणा डोंगरात त्याच्याशिवाय कोणाला ओळखता आल्या नसत्या. वहीप्रमाणे बुधवारी पहिला मुक्काम डोंगरात, गुरुवारी दुसरा, शुक्रवारी खाली. गाडीत वडील आणि मास्तर समोरासमोर बसले होते. वडील त्याच्याकडे बघत नव्हते. हवालदारांनी डब्यातली भाकरी काढून चौघांत वाटली. मास्तरनं भाकरी उजव्या बाजूनं चावली. डावा गाल सुजला होता.

गुरुवारी सकाळी पचमढीत पोचलो. तिथल्या पोलिसांनी बाजारात चौकशी केली होती. मंगळवारी एका मुलीनं घासलेट घेतलं होतं आणि बुधवारी सकाळी ती पाठीवर मोठं ओझं घेऊन धूपगडाच्या वाटेनं गेली होती. ती परतल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. एक स्थानिक शिपाई सोबत घेऊन आम्ही चढू लागलो. गवतावरचं दव खरोखर गोठलेलं होतं, पायाखाली करकरत होतं. वडिलांच्या पायात शहरातले पंप शू होते. दोनदा घसरले. दुसऱ्यांदा मास्तरनं त्यांना हात दिला आणि त्यांनी तो घेतला.  मी मनात पंचनाम्याची वाक्यं जुळवत होतो, हेही सांगायला हवं.

ओढ्याच्या वळणावर मास्तर थांबला. "वहीत हीच जागा आहे," तो म्हणाला. 

ती एका दगडाच्या आडोशाला बसली होती. मेणकापडावर रजईची पिशवी वाळत घातली होती. स्टोव्हवर पातेलं होतं. आम्हाला पाहून ती उठली. चेहरा थंडीनं फुटला होता, ओठ निळसर झाले होते, बाकी धडधाकट होती.

"बाबा," ती म्हणाली. मग आम्हा सगळ्यांकडे पाहून, "काय झालं? माझं पत्र मिळालं नाही का?"

सोमवारी गाडी सुटायच्या आधी तिनं स्टेशनवरच्या पेटीत अंतर्देशीय पत्र टाकलं होतं. घरी चिठ्ठी ठेवली असती तर गाडीच्या आधी सापडली असती. पत्रावर पत्ता दुकानाचा घातला होता, कारण वडील पत्रं दुकानातच वाचत. परतल्यावर कळलं की ते मंगळवारी दुपारी दुकानात पोचलंही होतं. पण मुलीला शोधणारा बाप तीन दिवस दुकानात फिरकला नव्हता, आणि मालकाची बंद टपाल उघडायची मुनिमाची पद्धत नव्हती. गादीवर इतर कागदांखाली ते पडून होतं. दुकानाची टपाल पाहावी, हे मला सुचलं नव्हतं.

वडील मेणकापडाच्या कडेला खाली बसले. तीन दिवसांत मी त्यांना आपण होऊन बसलेलं प्रथमच पाहिलं.

"सांगून जाची होती नं वं," ते म्हणाले.

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतं?"

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"दोन महिने आखलं मी, बाबा. किती पावलांवर पाणी आहे ते मला घरबसल्या माहीत होतं. रविवारी पाहुणे येणार, मग लग्न. मग कोण येऊ देणार होतं? एकदा बघायचं होतं, बरोबर आहे का."

"मंग? हाये का बरोबर?" हवालदारांनी विचारलं.

"ओढा वीस मिनिटं लांब निघाला," ती म्हणाली.

तिनं आम्हाला चहा दिला. दोनच कप होते, म्हणून पाळीपाळीनं घेतला. मास्तरकडे कप देताना तिचं लक्ष त्याच्या गालाकडे गेलं.

"सर, गालाला काय झालं?"

मी त्याच्यापासून दोन हातांवर बसलो होतो. हवालदार स्टोव्हकडे बघू लागले. मास्तरनं कप हातात घेतला आणि म्हणाला, "काही नाही. दाराची चौकट लागली. चष्मा नव्हता डोळ्यांवर."

त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही.

शुक्रवारी नागपुरात परतलो. मुलीचा जबाब घेतला, ती सज्ञान होती, स्वखुशीनं गेली होती आणि परत आली होती. डायरीत 'मिळून आली' अशी नोंद झाली आणि प्रकरण संपलं. रविवारचे पाहुणे आले की नाही ते मी विचारलं नाही. पुढे कळलं ते एवढंच की तिनं शिक्षण पुरं केलं आणि ती परगावी शाळेत शिकवू लागली. लग्नही उशिरा, तिकडेच केलं.

पुढच्या वर्षी दिवाळी झाल्यावर मास्तर ठाण्यात आला. मी उठून उभा राहिलो. तक्रार घेऊन आला असेल, असंच मला वाटलं. त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"साहेब, सहा जणांचा बेत आहे. एकाला घरून नाही म्हणाले. एक जागा रिकामी आहे."

मी गेलो. कसा गेलो, रजा कशी मिळवली, ते आता आठवत नाही. चाचांकडून रजईची पिशवी शिवून घेतली आणि पहिल्या रात्री त्यात शिरताना टाके उसवले, एवढं आठवतं. त्यानंतर बदल्यांची वर्षं वगळली तर जवळजवळ प्रत्येक हिवाळ्यात गेलो. चिखलदरा, तामिया, पुन्हा पचमढी. जाण्याइतकीच मजा आखण्यात होती. दिवाळीनंतरच्या रविवारी तो माझ्या ओसरीवर येई, आम्ही संत्री सोलत बसू आणि तो यादी मोठ्यानं वाचून दाखवी. प्रत्येक वस्तूला मी 'आहे' म्हणायचं, हा त्याचा नियम. एखादी नसली तरी मी 'आहे' म्हणायचो. त्याला ते आवाजावरून कळायचं आणि तो पेन्सिलीनं तिथं फुली मारायचा. मला तो अखेरपर्यंत साहेबच म्हणत राहिला. मी निवृत्त झालो, त्याचे केस पिकले, तरी साहेब.

गेली सात-आठ वर्षं आम्ही कुठेच गेलो नव्हतो. माझे गुडघे गेले, त्याला दम लागायचा. तरी दिवाळीनंतर तो यायचा आणि आम्ही यादी करायचो. गाड्यांच्या नव्या वेळा तो नातवाकडून लिहून आणायचा. कुठून कुठं चढायचं, कुठं थांबायचं, सगळं ठरायचं. मग कागद घडी करून तो खिशात ठेवी आणि रिक्षा करून घरी जाई.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं कोणी विचारलं तर खात्यातल्या तरुणांना मी नेहमी एकच सांगत आलो. साक्षीदाराला प्रश्न विचारताना त्यात आपलं उत्तर घालू नका, आणि समोरचा माणूस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत असेल तर ती जाऊन तपासा. प्रशिक्षणाच्या वर्गातही मी हे सांगितलं. रिक्षावाल्याचं आणि कापसाचं सांगितलं की मुलं हसायची. थपडेचं मी कधी सांगितलं नाही.

मास्तरशीही त्याबद्दल कधी बोललो नाही. चाळीस वर्षांहून अधिक काळ आम्ही एकमेकांसमोर बसलो, एका मेणकापडाखाली झोपलो, एका कपातून चहा घेतला. मंगळवारच्या त्या दुपारबद्दल तो एक शब्द बोलला नाही. तो बोलत नाही म्हणून मीही बोललो नाही, आणि त्याच्या न बोलण्यालाच मी माफी समजत राहिलो. दर वर्षी वाटायचं, डोंगरात गेल्यावर सांगू. पुढे वाटू लागलं, यादी झाल्यावर सांगू.

यंदा तो दिवाळीच्या आधीच गेला; दिवाळी होऊन आता तीन आठवडे झाले. माफी मागायची राहिली आहे.